सुट्टे आहेत का, सुट्टे?

जपानमध्ये रोजच्या वापरात सहा नाणी आहेत. त्यातल्या पाच नाण्यांवर इंग्रजी आकडे आहेत. एक, दहा, पन्नास, शंभर, पाचशे. उरलं पाच येनचं. त्याच्यावरही पाच लिहिलंय, पण फक्त जपानी लिपीत. त्यामुळे नुकताच टोकियोत उतरलेला कुठलाही मराठी सॉफ्टवेअरवाला पहिले आठ दिवस दुकानाच्या काउंटरवर ते नाणं डोळ्यांसमोर धरून "हे कितीचं बुवा?" करत उभा असतो.

खरं तर ओळखायला एकदम सोपं. पिवळं, पितळी, मधोमध आरपार भोक. एका बाजूला भाताची लोंबी, भोकाभोवती दातेरी चाक, खाली पाण्याच्या रेघा. शेती, कारखाने, मासेमारी. युद्धानंतर पुन्हा उभ्या राहणाऱ्या देशाची सगळी कमाई पावणेचार ग्रॅममध्ये मावलेली! भोकवालं नाणं १९४९ पासून चालू आहे. आपल्या हिशेबात आज साधारण तीन रुपये. तीन रुपयांत पुण्यात धड क्रीमरोलही येत नाही.

तरी आमच्या ऑफिसमधली मंडळी ही नाणी वेगळी काढून ठेवतात. कुणाच्या ड्रॉवरमध्ये डबी, कुणाच्या पर्समध्ये वेगळा कप्पा. तीस लाखांच्या गाडीचे हप्ते भरणारा माणूस पाच येनचं नाणं सापडलं की खूश! मला वाटायचं, हे काय नवीन खूळ?

फंडा असा आहे. 'येन'चा जपानी उच्चार 'एन'. पाच म्हणजे 'गो'. पाच येन म्हणजे 'गो-एन'. आणि 'एन' याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे. माणसामाणसातली गाठ, धागा, योग. त्याला आदराचा 'गो' लावला की तोही 'गोएन'. इंग्रजीत समजावताना जपानी लोकांची तारांबळ उडते. आपल्याला मात्र शब्द शोधायलाच नको. ऋणानुबंध! नाणं देवापुढे टाकायचं आणि ऋणानुबंध मागायचा. नव्या नोकरीशी, नव्या माणसाशी, किंवा त्या देवाशीच.

एकदा शब्दांचा खेळ सुरू झाला की जपानी माणूस थांबत नाही. पंधरा येन म्हणजे 'भरपूर' ऋणानुबंध, पंचवीस म्हणजे 'दुप्पट', पंचेचाळीस म्हणजे 'सदासर्वकाळ'. दहा येन मात्र काही जण टाळतात, कारण 'तो-एन' हा उच्चार 'दूरचं नातं' असाही ऐकू येतो. बिचाऱ्या दहा येनच्या नाण्यावर उजीच्या ब्योदो-इन मंदिराचं सुंदर चित्र आहे, पण मंदिराच्या दानपेटीतच त्याला मान नाही. आणि पाचशेचं नाणं? नाण्याला म्हणतात 'कोका', परिणामालाही 'कोका'. "याहून मोठा कोका नाही," म्हणजे हे सगळ्यात मोठं नाणं, म्हणून याहून मोठा परिणामही नाही. त्यामुळे ते टाकू नये म्हणे. (हा शोध नक्की एखाद्या चिक्कू माणसाने लावला असणार.)

पुजाऱ्यांना विचाराल तर ते हसून सांगतात, रकमेचा काही नियम नाही. मला स्वतःला ही गणितं म्हणजे चहाच्या वेळचा टाइमपास वाटतो. पण पाच येनचं वेगळं. ते कुणालाही परवडतं. तिथे रांगेत कंपनीचा डायरेक्टर आणि त्याच्या मागे शाळेतली पोरगी, दोघांच्या मुठीत तेच भोकाचं नाणं असू शकतं.

आता रीतीभातीबद्दल. इथे आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवायची. 'जिंजा' म्हणजे शिंतो देवस्थान आणि 'तेरा' म्हणजे बौद्ध देऊळ (आपला तेराचा आकडा नव्हे). बाहेर 'तोरी' नावाची दोन खांबांची कमान दिसली की बहुतेक वेळा जिंजा. दोन्हीकडे दानपेटी, दोन्हीकडे नाणं, पण पुढचं सगळं वेगळं.

जिंजात शिरताना तोरीपाशी थांबून किंचित वाकायचं. आत चालताना वाटेच्या मधून नाही, कडेने जायचं. मधला भाग देवाचा. मग हात धुवायचे. पळीने आधी डावा, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, पुन्हा डावा हात, आणि शेवटी पळी उभी करून उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुवायचा, पुढच्या माणसासाठी. हे सगळं एका पळीभर पाण्यात! २०२० च्या कोरोनानंतर पुष्कळ ठिकाणी पळ्या गेल्या आणि बांबूच्या नळीतून धार सुरू झाली. मला त्या पळ्यांची आठवण येते. पुढच्या माणसासाठी दांडा धुणं ही फार भारी कल्पना होती.

मग पेटीपुढे उभं राहायचं. नाणं अलगद सोडायचं. भिरकवायचं नाही, ते उद्धटपणाचं. (नव्या वर्षी टोकियोच्या मेइजी जिंगूत तीन दिवसांत तीसेक लाख माणसं येतात, तेव्हा मागचे लोक लांबूनच नाणी उडवतात. तिथे पुढे उभं राहायचं तर जॅकेटची टोपी डोक्यावर ओढून घ्यावी.) घंटा असेल तर दोर हलवायचा. दोनदा कमरेतून वाकायचं. दोन टाळ्या. टाळी वाजवताना उजवा हात डाव्यापेक्षा किंचित खाली सरकवायचा. हात जोडून मनात बोलायचं, आणि शेवटी पुन्हा एकदा वाकायचं. दोन-दोन-एक. इझुमो ताइशाला मात्र चार टाळ्या. तिथला देव लग्नं जुळवणारा, त्याला बहुधा जास्त आवाज लागतो!

देवळात, म्हणजे 'तेरा'त, टाळी अजिबात नाही. नुसतं शांतपणे हात जोडायचे. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्या आज्ज्यांनी आपल्याला आधीच शिकवून ठेवलंय. असाकुसाला सेन्सोजी हे बौद्ध देऊळ आणि असाकुसा जिंजा अगदी शेजारी शेजारी आहेत. एकीकडे शांतता, पन्नास पावलांवर टाळ्या. तीच माणसं, तोच खिसा, तीच नाणी. जपानी लोकांना यात काहीच वावगं वाटत नाही. आणि दत्ताला गुरुवारी आणि मारुतीला शनिवारी भेटणाऱ्या आपल्याला तरी का वाटावं?

एक गोष्ट मात्र मला पहिल्यांदा ऐकून हसूच आलं. मनात काय बोलायचं? तर आधी आपलं नाव आणि पत्ता! देवाकडे रोज इतकी माणसं येतात, त्याला कळायला नको का कोण कुठलं ते? आमच्या काचोंनी, म्हणजे सेक्शन मॅनेजरनी, हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "पोस्टल कोडसकट?" ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "बिल्डिंगचं नाव सांगितलं तर बरं."

गेल्या वर्षी बाबांना दम लागायला लागला. शुक्रवारी अँजिओग्राफी झाली, तीन ब्लॉक निघाले, आणि बायपास सोमवारी सकाळी ठरली. दादाचा फोन आला तेव्हा टोकियोत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मला मिळालेलं तिकीट मंगळवारचं. म्हणजे बाबांचं हृदय थांबवून ठेवलेलं असणार, तेव्हा मी साडेसहा हजार किलोमीटर लांब एका बँकेच्या प्रोजेक्टचे टेस्ट रिझल्ट्स तपासत असणार.

रविवारी घरात बसवेना म्हणून सेन्सोजीला गेले. तिथे मुख्य देवळापुढे उदबत्त्यांचं एक प्रचंड पात्र आहे. लोक त्याचा धूर हाताने आपल्याकडे ओढून घेतात. जिथे दुखतं तिथे. एक आजी गुडघ्यांवर घेत होत्या, शाळेची मुलं डोक्यावर. मी छातीवर ओढून घेतला. माझी छाती ठणठणीत होती.

सोमवारी पुण्यात आठ वाजले तेव्हा आमच्याकडे साडेअकरा झाले होते. स्क्रीनवर काय होतं ते मला आठवत नाही. बाराला काचो माझ्या डेस्कपाशी आले. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. ऑफिसमध्ये कुणाच्या घरचं विचारणं हा त्यांचा स्वभाव नाही. "जेवायच्या आधी पाच मिनिटं चला," एवढंच म्हणाले.

आमच्या बिल्डिंगच्या मागे, पार्किंग आणि एका नूडलवाल्याच्या मधे, एक चिमुकलं इनारी जिंजा आहे. दोन बाजूंना दगडी कोल्हे, त्यांच्या गळ्यात लाल लाळेरी. टोकियोच्या जुन्या गल्ल्यांमध्ये अशी भरपूर आहेत. मी तिथून वर्षभर रोज जात होते. काचोंनी खिशातून पाच येनची दोन नाणी काढली, एक मला दिलं, एक स्वतः टाकलं. दोन-दोन-एक केलं आणि बाजूला झाले.

मी नाणं सोडलं. लाकडी पट्ट्यांवर आपटत आत गेलं, तो आवाज स्पष्ट ऐकू आला. डोळे मिटले. नाव सांगितलं. माझं नाही, बाबांचं. मग पत्ता. सोसायटीचं नाव, विंग, फ्लॅट नंबर, कोथरूड, पुणे ४११०३८. पिनकोड सांगून झाला आणि पुढचं काही सुचेना. 'बरे होऊ देत' हे जपानीत म्हणू की मराठीत? मराठीत म्हटलं.

परत येताना काचो म्हणाले, "साइसेन या शब्दातलं 'साइ' हे अक्षर तुम्हाला कुणी शिकवलंय का?"

साइसेन म्हणजे हे दानपेटीतले पैसे. 'सेन' म्हणजे पैसा, नाणं. आणि 'साइ' म्हणजे देवाने जे दिलं त्याबद्दल त्याचे आभार मानणं, मागितलेलं मिळाल्यावर जाऊन परतफेड करणं. आपल्या भाषेत, नवस फेडणं. नवस बोलणं नव्हे! म्हणजे जी गोष्ट सगळे जण, आणि बरेच जपानीही, अॅडव्हान्स समजून टाकतात, ती शब्दाच्या अर्थाने मागच्या बिलाची रक्कम आहे. "आज टाकलं ते उद्याच्यासाठी नाही," काचो म्हणाले, "आतापर्यंतचं."

आतापर्यंतचं म्हणजे काय, तर सदुसष्ट वर्षं. एसटीत कंडक्टरशी हुज्जत घालणारी, पर्वती चढताना मला खांद्यावर घेणारी, माझ्या व्हिसाच्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवणारी सदुसष्ट वर्षं चाललेलं ते हृदय. त्या दिवशी दुपारी मी जेवले. चक्क नूडल्स.

ऑपरेशन नीट झालं. बुधवारी मी पुण्यात पोचले. बाबा वॉर्डात आल्यावर पहिल्या दिवशी बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी मात्र पूर्ण फॉर्मात.

"काय गं, तिकडच्या देवाला किती वाहिलेस?"

"पाच येन."

"म्हणजे आपले किती?"

"तीन रुपये."

"बायपासला इथे दादाचे साडेचार लाख गेले, आणि तुझ्याकडे मी तीन रुपयांत?"

आईने सारसबागेतल्या गणपतीला सव्वा रुपया वाहायचा ठरवला होता. त्यात गंमत अशी झाली की सव्वा रुपया आता नाण्यांत देताच येत नाही. चार आण्याचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं. आईने देवघराच्या डबीतलं जपून ठेवलेलं पावली नाणं रुपयाबरोबर वाहिलं. म्हणाली, "बँकेला नको असेल, त्याला चालतं." मला काचोंची आठवण झाली. हे दोघं एकमेकांना कधी भेटले तर दुभाष्याची गरज लागणार नाही.

आपल्या अक्षतांसारखीच तिथेही सुरुवात तांदळाची आहे. देवापुढे तांदूळ उधळायचे, किंवा पांढऱ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवायचे. व्यवहारात नाणी रुळली तशी ती देवळातही आली. कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमानगूत नाण्यांसाठी पेटी ठेवल्याची नोंद १५४० सालची आहे. म्हणजे दानपेटी हा काही अनादी काळापासूनचा प्रकार नाही. जशी आली तशी ती जाऊही शकते, आणि सध्या तिच्यावर जे संकट आलंय ते चोरांकडून नाही, बँकांकडून आलंय.

जानेवारी २०२२ मध्ये जपान पोस्ट बँकेने सुट्टी नाणी भरण्यावर फी लावली. काउंटरवर पन्नासच्या वर नाणी नेली की पैसे मोजा. एक्कावन्न ते शंभर नाण्यांना ५५० येन. आता करा हिशेब. शंभर माणसांनी मनापासून पाच-पाच येन टाकले, झाले ५००. ते बँकेत भरायला ५५०. देवळाला खिशातून पन्नास येन! २०२४ मध्ये बँकेने शंभर नाण्यांपर्यंत सूट दिली, पण त्यापुढे फी आहेच, आणि ज्या पेटीत महिन्याला हजारो नाणी पडतात तिला शंभरची सूट घेऊन काय करायचंय? ज्या नाण्याला सगळ्यात जास्त अर्थ तेच सगळ्यात तोट्याचं. काही देवस्थानांनी यावर मस्त तोडगा काढलाय. आसपासच्या दुकानदारांना सुट्टे लागतातच, बँकेतून सुट्टे घ्यायचे तर तिथेही फी. मग देवाचे सुट्टे दुकानदाराला, दुकानदाराच्या नोटा देवाला. बँक मधून गायब. यालाच म्हणतात ऋणानुबंध.

दुसरा मार्ग म्हणजे कार्ड आणि मोबाइल. टोकियोतल्या आतागो जिंजाने २०१४ मध्येच नव्या वर्षाच्या पहिल्या ऑफिस-दिवशी इलेक्ट्रॉनिक पैशाने दान घ्यायला सुरुवात केली. आतागो हे आपल्यासारख्यांचं खास दैवत. समोर छातीवर येणाऱ्या उभ्या ८६ पायऱ्या, त्यांचं नावच 'यशाच्या पायऱ्या'. १६३४ मध्ये शोगुनच्या हुकमावरून एक सामुराई घोड्यावर बसून त्या चढला, वरून उमेची फांदी घेऊन आला आणि त्याचं नशीब फळफळलं, अशी कथा आहे. आज टाय लावलेले सामुराई अप्रेझलच्या आधी धापा टाकत चढतात. त्यांना वर पोचल्यावर कार्ड टेकवून 'टिंग' वाजलं तर सोयीचंच.

पण सगळ्यांना हे पटलेलं नाही. जून २०१९ मध्ये क्योतोच्या बौद्ध संघटनेने कॅशलेस दानाला उघड विरोध केला. कोण कुठे, किती वाजता, किती वाहतो याची माहिती तिसऱ्याच कंपनीच्या हातात जाते, आणि उद्या हा धंदा समजून कर लावला गेला तर? मला पहिला मुद्दा पटतो. मी काय जेवते, कुठल्या स्टेशनवर उतरते हे माझ्या ट्रेनच्या कार्डाला रोज कळतं. त्या सोमवारी बाराला मी कोल्ह्यांपुढे उभी होते, हे काचो सोडून कुणाला कळायची गरज नव्हती. आपल्याकडे आता नारळवाल्यापासून दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड चिकटलेत, आणि मला त्यात पाप वगैरे दिसत नाही. आईसुद्धा स्कॅन करते. फक्त स्कॅन करताना तिचे डोळे मोबाइलमध्ये असतात, एवढंच.

अडचण अशी की मीही सगळीकडे कार्डच टेकवते, त्यामुळे पाच येन मिळेनासे झाले. मग आठवड्यातून एकदा कोपऱ्यावरच्या बेकरीत मुद्दाम रोख देते आणि गल्ल्यातली मुलगी माझ्या हातावर भोकाची नाणी ठेवते. डबी अर्धी भरली आहे.

या मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आई-बाबा टोकियोला आले. बाबांना कामाकुराचं झेनिआराइ बेन्झाइतेन बघायचं होतं, कारण बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथे आली, वीणेच्या जागी बिवा घेऊन बसली. इथे डोंगरातल्या बोगद्यातून आत जायचं, मेणबत्ती-उदबत्ती लावायची, आणि गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात बांबूच्या टोपलीतून पैसे धुवायचे. धुतलेले पैसे साठवायचे नाहीत, खर्च करायचे. मग ते वाढून परत येतात म्हणे. चढ आहे म्हणून काचोंनी मला दोनदा बजावलं होतं की टॅक्सी करा. केली. बाबांनी दोन नोटा धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि लगेच आईला आइस्क्रीम घेऊन दिलं.

येताना माझ्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत थांबलो. बाबांनी कोल्ह्यांची लाळेरी बघितली, डबीतलं एक नाणं घेतलं, भोकातून माझ्याकडे बघून डोळा मारला आणि पेटीत सोडलं. वाकले. टाळ्या वाजवल्या. मग एक डोळा उघडून हळूच म्हणाले,

"अगं, पत्ता कुठला सांगू? कोथरूडचा, का तुझा इथला?"